मूळ टणक आहे तोवर ऑर्किड गेलेलं नाही

सांगलीच्या विश्रामबागेतून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपतं करून देतो:

"फेब्रुवारीत मी निवृत्त झाले, त्या दिवशी लेकीनं पुण्याहून पांढऱ्या ऑर्किडची कुंडी आणली. दीड महिना फुलं टिकली. ती गळाली त्याचं काही वाटलं नाही, पण आता पानांच्या बेचक्यांत कापसासारखं पांढरं काहीतरी बसलंय. पानं चिकट लागतात, मुंग्यांची रांग लागते. पानं मऊ पडून सुरकुतलीत. मी रोज न चुकता पाणी घालते, तरी सुरकुत्या जात नाहीत. सासूबाई म्हणतात, परक्या मुलखाचं झाड, आपल्या उन्हात कसं टिकायचं. आमच्या यांची तासगावकडं द्राक्षबाग आहे, शेडमध्ये औषधाची अर्धी बाटली पडलीय, ती मारू म्हणतात. शेजारच्या वहिनी म्हणतात, टाकून द्या, नाहीतर बाकीच्या कुंड्यांना लागेल. लेक दर रविवारी व्हिडिओ कॉलवर झाड दाखव म्हणते आणि मी विषय बदलते. टाकू की वाचवू? दोन फोटो पाठवतेय."

ताई, टाकू नका.

तुमच्या दुसऱ्या फोटोत कुंडीच्या काठावरून एक मूळ बाहेर डोकावतंय. पेन्सिलीएवढं जाड, रुपेरी, आणि टोकाला गव्हाच्या दाण्याएवढा हिरवागार भाग. फोटो मोठा करून पाहिला आणि माझा जीव भांड्यात पडला. मुळाचं टोक हिरवं आहे, म्हणजे ते वाढतंय. पानं कितीही लोळली तरी हे झाड अजून जगायच्या खटपटीत आहे आणि आपण त्याला हात द्यायचाय.

तुमच्या झाडाला दोन दुखणी आहेत. पांढरी कीड डोळ्यांना दिसते म्हणून सगळे तिच्याच मागं लागलेत. दुसरं दुखणं कुंडीच्या आत आहे आणि ते रोजच्या पाण्यानं झालंय. तुम्ही काळजीपोटी पाणी घातलंत, त्यात तुमचं काही चुकलं असं मनाला लावून घेऊ नका. आपल्याकडं झाड म्हणजे माती आणि पाणी हेच लहानपणापासून शिकलेलं असतं.

हे ऑर्किड फॅलेनॉप्सिस जातीचं. त्याचे पूर्वज आग्नेय आशियातल्या दमट रानात झाडांच्या फांद्यांवर वाढतात. फांदीला नुसते धरून राहतात, तिच्यातला रस पीत नाहीत. म्हणून याला बांडगूळ म्हणणं चूक आहे. फांदीवरच्या मुळांवर पाऊस पडतो, मुळं ओलीचिंब होतात आणि थोड्याच वेळात वाऱ्यानं सुकतात. मुळाभोवती स्पंजासारखा एक पांढरट थर असतो, व्हेलामेन म्हणतात त्याला. पाणी लागलं की तो क्षणात पिऊन घेतो आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. सुकला की पुन्हा रुपेरी. असं मूळ सतत ओल्या लगद्यात दाबून ठेवलं की त्याला हवा मिळत नाही आणि ते कुजतं. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. तुमच्या पानांच्या सुरकुत्या तहानेच्याच आहेत. कुंडीत पाणी भरपूर आहे, पण ते वर चढवणारी मुळंच उरलेली नाहीत. सुरकुत्या पाहून तुम्ही आणखी पाणी घातलंत आणि उरलेली मुळंही गेली.

आता पांढऱ्या कापसाकडं येऊ. त्यातला एक ठिपका टाचणीच्या टोकानं उचला आणि पांढऱ्या कागदावर चिरडा. पिवळसर किंवा लालसर ओल उमटली तर तो पिठ्या ढेकूण. तुमच्या यजमानांना मिलीबग म्हटलं की लगेच कळेल. तासगावच्या बागायतदाराला या किडीची ओळख करून द्यायची गरज नाही, घडात शिरली की माल जातो. अंगावर मेणाचं पीठ असतं म्हणून नाव पिठ्या. त्या पिठावरून पाणी घरंगळून जातं, औषधही घरंगळतं. पानातला रस शोषून ती जास्तीची साखर बाहेर टाकते, तोच तुमच्या बोटांना लागलेला चिकटा. दुर्लक्ष झालं की त्या चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते. (एक लक्षात ठेवा: ऑर्किडच्या फुलांच्या दांडीवर कधी कधी नुसतेच गोड, पारदर्शक थेंब येतात. आसपास कीड नसेल तर ते थेंब निरोगी झाडाचेच असतात, त्यांना घाबरायचं कारण नाही.)

मुंग्या या साखरेसाठी येतात आणि नुसत्या खाऊन जात नाहीत. पिठ्याची पिल्लं त्या एका पानावरून दुसऱ्या पानावर नेतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. म्हणून मुंग्या थांबवल्याशिवाय हे काम पुरं होत नाही. त्याला खडू-पावडरीची गरज नाही. सासूबाई पूर्वी दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवत असतील, तसंच करायचं. एका पसरट ताटलीत पाणी, मध्ये पालथी वाटी आणि वाटीवर कुंडी. कुंडी भिंतीला, पडद्याला किंवा दुसऱ्या झाडाच्या पानाला टेकता कामा नये, नाहीतर मुंग्यांना पूल मिळतो. ताटलीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी फेका, डासांची अंडी नकोत.

आणि आता तुमचा पहिला फोटो. त्यात ऑर्किडच्या मागं गॅलरीत जास्वंद दिसतेय. लाल, गणपतीची. सांगलीत घर तिथं जास्वंद, रोज सकाळी देवाला फूल हवंच. पण तिच्या शेंड्याकडं बघा. वरची पानं मुठीसारखी आखडलीत, पेरं जवळजवळ आलीत. हे गुलाबी पिठ्याचं काम आहे, आणि द्राक्षाच्या घडात शिरतो तोही हाच. तुम्ही सकाळी जास्वंदीचं फूल तोडलंत, त्याच हातानं ऑर्किडचं पान पुसलंत, मध्ये मुंग्यांची ये-जा, एवढं पुरतं. ऑर्किडवर नेमका हाच पिठ्या आहे की त्याचा भाऊबंद, ते शोधत बसायचं कारण नाही, उपाय एकच आहे. जास्वंद तशीच ठेवून ऑर्किड कितीही पुसलंत तरी महिन्याभरात कीड परत येणार. त्यामुळं पहिलं काम जास्वंदीचं.

तिचे आखडलेले शेंडे वीतभर खालून छाटा आणि लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. खताच्या खड्ड्यात किंवा कुंडीच्या बुडाशी टाकू नका, तिथून पिल्लं चालत परत येतात. उरलेलं झाड खालून वर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. जास्वंद चिवट आहे, पावसाळ्यात दुप्पट फुटेल. तोवर देवाला दुसरं फूल चालेल.

फक्त छाटताना डोळे उघडे ठेवा. पिठ्यांच्या घोळक्यात एखादी मोठी, लांब पांढऱ्या झालरी असलेली आणि चुरुचुरु पळणारी अळी दिसली तर तिला मारू नका. ती क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी असते. तिचं सोंग हुबेहूब पिठ्यासारखं असतं आणि ती पिठ्यांवरच जगते. द्राक्षबागेत हा भुंगेरा मुद्दाम सोडतात. मिळाली तर जास्वंदीवरच राहू द्या.

औषधाच्या बाटलीचं सांगतो, आणि हे यजमानांना वाचून दाखवा. शेडमधलं द्राक्षाचं कीटकनाशक घरात आणू नका. बागेत वारा असतो, फवारणाऱ्याच्या अंगावर पूर्ण कपडे असतात, काढणीआधी किती दिवस थांबायचं ते ठरलेलं असतं. तुमच्या दिवाणखान्यात सासूबाई बसतात. बाटलीवरचं नाव नीट वाचायला सांगा. मिलीबगसाठी वर्षानुवर्षं वापरलेल्या डायक्लोरव्हॉसवर तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, आणि जुन्या अर्ध्या बाटल्या अजून शेडच्या कोपऱ्यात सापडतात. ती बाटली तीच निघाली तर बागेतही वापरू नका आणि ओढ्यात ओतू तर अजिबात नका. तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारून विल्हेवाट लावा.

पण यजमानांना या कामातून वगळू नका. द्राक्षाच्या खोडाची सैल साल काढून आत दडलेली कीड बाहेर काढायची, खोड धुवायचं, हे त्यांनी केलेलं असणार. आपल्याला इथं तेच करायचंय, फक्त झाड ओंजळीत मावणारं आहे.

सकाळी दोन तास मोकळे ठेवा. गॅलरीत वर्तमानपत्र पसरा. मेडिकलमधून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. हँड सॅनिटायझरची चिकट जेल नको. इअरबड, मऊ केसांचा जुना टूथब्रश, धारदार कात्री, बादलीभर पाणी आणि शक्य असेल तर वाचायचा चष्मा किंवा भिंग. कात्रीची पाती गॅसच्या ज्योतीवर तापवून गार करून घ्या.

आधी झाड कुंडीतून काढा. कुंडी दाबून सैल केली की ते गड्ड्यासकट निघतं. दुकानातून येणाऱ्या बहुतेक ऑर्किडच्या मुळांच्या मधोमध शेवाळाचा (स्फॅग्नम मॉसचा) घट्ट गोळा असतो. वरून कुंडी कोरडी वाटते आणि हा गोळा आत आठ-आठ दिवस ओला राहतो. बोटांनी सोडवून तो सगळा काढून टाका. अर्धा तास लागला तरी चालेल, मुळांना ओढू नका. मग मुळं साध्या पाण्यात धुवा आणि एकेक चिमटीत धरून बघा. जे टणक लागतं ते जिवंत, मग रंग पांढरा, हिरवा की पिवळट याला महत्त्व नाही. जे दाबल्यावर पिचतं, पाणी सोडतं, किंवा वरचं साल निसटून आत नुसता दोरा उरतो, ते गेलेलं. तेवढंच कापा. कापलेल्या टोकाला चिमूटभर दालचिनीची पूड लावा. दालचिनी ओल शोषते, म्हणून ती फक्त कापावर लावायची, चांगल्या मुळांवर भुरभुरवायची नाही.

आता पिठ्या. इअरबड अल्कोहोलमध्ये बुडवून प्रत्येक ठिपक्यावर टेकवा. पीठ विरघळतं आणि खालची कीड तपकिरी होऊन सुटते. पण दिसतात तेवढ्यांवर थांबू नका. पान खोडाला जिथं बिलगतं ती खाच, पानाची खालची बाजू आणि मधली शीर, फुलांच्या सुकलेल्या दांडीवरच्या छोट्या खवल्यांच्या आत, दांडी बांधायच्या क्लिपखाली, काडीच्या भेगेत, नावाच्या पट्टीमागं आणि कुंडीच्या कडेच्या घडीत. मुळांवरही बघा, पिठ्या मातीखाली, सालींच्या सांदीत राहतो. खालचं एखादं पान पिवळं पडलं असेल तर ते मधोमध उभं चिरून दोन बाजूंना ओढलं की बुडासकट निघतं. त्याच्या आडोशाला अख्खं बिऱ्हाड सापडतं. फुलांची दांडी या वर्षी बुडाशी कापून टाका. आजारी झाडाला तिचा भार नको, आणि लपायची जागाही जाते. जुनी क्लिप, काडी, सालींचा चुरा सगळं पिशवीत बांधून कचऱ्यात.

मध्यभागी, जिथून नवं पान येतं, तिथं फार जपून. फॅलेनॉप्सिसला वाढीचा एकच कोंब असतो. तो कुजला तर झाड वर वाढत नाही. बुडातून नवं रोपटं फुटलं तर फुटलं, पण त्यावर विसंबता येत नाही. मधलं पान टणक आणि हिरवं असेल, हलवल्यावर सुटून येत नसेल, तर तुमचं झाड सुखरूप आहे. तिथं पाणी किंवा अल्कोहोल साचू देऊ नका. साचलं तर टिश्यू पेपरच्या टोकानं टिपून घ्या. झाड धुतल्यावर तिरकं धरून निथळायचं.

अल्कोहोलचं काम सावलीत करा आणि झाड पूर्ण सुकेपर्यंत उन्हात ठेवू नका. मी साताऱ्यात एका एप्रिलमध्ये सकाळी अकराला कडुनिंबाचं तेल फवारून कुंडी पूर्वेच्या कट्ट्यावर तशीच राहू दिली होती. दुपारपर्यंत पानांवर इस्त्री टेकल्यासारखे डाग पडले. ऑर्किड वर्षाला दोन-तीनच पानं काढतं, त्यामुळं ते डाग मी पुढं दोन वर्षं रोज पाहिले. तेव्हापासून तेलाची, साबणाची फवारणी मी दिवेलागणीलाच करतो, आणि आधी एका पानावर करून दोन दिवस थांबतो.

साबण चालतो का, असं पुष्कळ जण विचारतात. चालतो, लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य द्रव साबण, आणि तासाभरानं साध्या पाण्यानं धुणं. मात्र बोअरच्या जड पाण्यात साबणाचा नुसता साका होतो आणि किडीवर परिणाम होत नाही. साबणाचं पाणी कालवायला आरओ फिल्टरचं किंवा पावसाचं पाणी घ्या.

त्या पाण्याचं आणखी थोडं. तुमच्या कुंडीच्या कडेला फोटोत पांढरी कड दिसते, ती किडीची नाही, क्षारांची आहे. कृष्णाकाठच्या माणसाला क्षारपड जमीन काय असते हे सांगायला नको. पाणी जास्त, निचरा नाही, आणि वर पांढरा थर. रोज थोडं थोडं पाणी घातल्यानं तुमच्या कुंडीची तीच गत झाली. ऑर्किडच्या मुळांना क्षार सोसत नाहीत, टोकं काळी पडतात.

नव्या कुंडीला भोकं भरपूर हवीत. शक्यतो पारदर्शक प्लॅस्टिकची घ्या, म्हणजे आतली मुळं दिसतील. मुळं जेमतेम मावतील एवढीच, मोठी नको. पाइनच्या सालीचे तुकडे ऑनलाइन मिळतात. ते नसतील तर लाकडी कोळशाचे बोराएवढे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे निम्मे निम्मे. सोडणात मीठ असतं, दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून मगच वापरा. माती नाही, शेणखत नाही, गांडूळखत नाही. झाड मध्ये धरून भोवती तुकडे सोडा, दाबून बसवू नका. डोलत असेल तर नवी स्वच्छ काडी लावा.

कुंडीत भरल्यावर दोन दिवस पाणी देऊ नका, कापलेल्या जागा सुकू द्या. मग कुंडी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवायची, काढायची, निथळवायची. पुन्हा पाणी कधी, तर कुंडीतून दिसणारी मुळं रुपेरी झाल्यावर. एप्रिल-मेच्या सांगलीत चार-पाच दिवसांनी, पावसाळ्यात कदाचित दहा दिवसांनी. वार ठरवून पाणी देऊ नका, मुळाचा रंग बघा. आणि सकाळीच द्या, रात्री पानांच्या बेचक्यात पाणी राहायला नको.

मुळं अगदीच दोन-तीन उरली तर पानांना जास्त जपावं लागेल. मोठ्या पारदर्शक पिशवीत बुडाशी हाताला जेमतेम ओलसर लागेल एवढं नवं शेवाळ ठेवा, त्यावर झाड, पिशवीचं तोंड सैल. सावलीत ठेवून रोज दहा मिनिटं उघडायची. आतल्या दमट हवेनं पानांतलं पाणी उडत नाही आणि झाडाला नवी मुळं काढायला सवड मिळते. यात दोन महिने जातात.

खत आत्ता अजिबात नको. आजारी माणसाला पुरणपोळी वाढत नाहीत. नवं मूळ बोटभर झालं की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), यजमानांच्या शेडमध्ये असेलच, लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. जास्त नत्रानं पानं लुसलुशीत होतात आणि पिठ्याला तीच आवडतात.

हे सगळं एका सकाळचं काम झालं. खरी परीक्षा त्याच्या पुढच्या पाच आठवड्यांची आहे, आणि बहुतेकांची झाडं तिथं जातात. पिठ्याची मादी कापसाच्या पिशवीत शेकडो अंडी घालते. अल्कोहोलनं ती सगळी मरत नाहीत. उन्हाळ्यात अंड्यापासून मोठ्या किडीपर्यंत साधारण महिना लागतो. पहिल्या दिवशी झाड लख्ख दिसतं, आठव्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढी पिवळट पिल्लं फिरताना दिसतात. तेव्हा माणूस म्हणतो, उपाय लागू पडला नाही, आणि सोडून देतो. उपाय लागू पडलेला असतो. ही पुढची फळी आहे, अजून अंगावर पीठ आलेलं नाही, म्हणून आत्ताच ती सर्वांत सहज मरते. दर सात दिवसांनी, पाच वेळा, तीच सगळी ठिकाणं तपासून पुसायची. दुधाचे खाडे मांडता त्याच कॅलेंडरवर पाच खुणा करून ठेवा. त्यातला एकही आठवडा चुकवू नका.

या काळात कुंडी बाकीच्या झाडांपासून वेगळ्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीत, पातळ पडद्याआड. शेजारच्या वहिनींची भीती रास्त आहे, म्हणून वेगळी ठेवायची. ऑर्किडला हात लावलात की हात धुऊन मगच दुसऱ्या कुंडीकडं जा. पुढंही कुठलं नवं झाड घरात आलं की तीन-चार आठवडे एकटं ठेवा, मगच इतरांच्या पंगतीला बसवा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. फॅलेनॉप्सिस परक्या मुलखाचं हे त्यांचं खरं आहे. चाळिशीला टेकणारं ऊन आणि कोरडा वारा त्याला सोसत नाही, म्हणून दुपारी खिडकी बंद, पडदा ओढलेला, आणि जवळ ओल्या खड्यांची परात एवढं करावं लागतं. पण ऑर्किड आपल्या मातीला परकं नाही. आपण त्याला आमरी म्हणतो. कोयनेच्या आणि महाबळेश्वरच्या रानात आमरी फांद्यांवर बहरते, सीतेची वेणी तर नावासकट आपली. साताऱ्याच्या कास पठारावरच्या आमरी जमिनीतल्या. आठ महिने कातळावरच्या मातीच्या पातळ थरात कंद होऊन झोपतात आणि पावसात उठतात. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, हे नाहीच जगलं तर कासला जाऊन एखादं आणावं का. नाही, ताई. कळकळीनं सांगतो, नाही. आमरीचं बी धुळीएवढं असतं. त्यात अन्नाचा साठा नसतो. मातीतली विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रुजतं. तो कंद उपटून सांगलीच्या कुंडीत लावला तर ती बुरशी तिथं राहते, आमरी इथं मरते. ती पाहायला ऑगस्ट-सप्टेंबरात सासूबाईंना घेऊन कासला जा, आणि पाहून या.

लेकीला या रविवारी झाड दाखवा. कापलेली मुळं, उघडं बूड, सुरकुतलेली पानं, सगळं. तिनं हौसेनं आणलेलं आहे, आजारपण तिलाही कळू द्या. ती पुण्याहून सालीचे तुकडे मागवून देईल आणि पाच आठवडे आठवण करायला तुम्हाला कुणीतरी होईल.

सुरकुतलेली जुनी पानं पुन्हा पूर्वीसारखी ताठ होतीलच असं नाही, त्यांच्याकडं बघून निराश होऊ नका. नजर मुळांवर आणि मधल्या कोंबावर ठेवा. जूनमध्ये हवा ओली झाली की बुडाशी हिरवे ठिपके फुटतील, ती नवी मुळं. पहिले दोन-तीन पाऊस जाऊ द्या, छत धुऊन निघू द्या, आणि मग बादलीभर पावसाचं पाणी धरून ठेवा. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत मधून एक नवं, टणक पान आलं की झाड बरं झालं समजा.

फुलं यंदा येतील असं सांगत नाही. झाडानं अंग धरलं, तर दिवाळीनंतर, रात्री गारठा वाढला की पानांच्या बुडातून काहीतरी हिरवं बाहेर येईल. ते मूळ की दांडी, हा संभ्रम सगळ्यांना पडतो. टोक गोल, गुळगुळीत आणि चकाकणारं असेल तर मूळ. चपटं, एका बाजूला किंचित खाच असलेलं, लहान मुलाच्या बंद मुठीसारखं असेल तर दांडी. तिथून फुलं उमलायला अडीच-तीन महिने लागतात. दांडी दिसली की कुंडी ज्या बाजूनं खिडकीकडं आहे तशीच राहू द्या. झाडलोट करताना सरकवावी लागते, म्हणून उजेडाच्या बाजूला कुंडीवर खडूनं एक रेघ मारून ठेवा.